आजी जिवंत आहे, पण लिंक नाही

आमच्या बार्शीटाकळीत कालंका देवीचं देऊळ आहे. तिथल्या शिलालेखात शके १०९८ असा काळ कोरलेला आहे, म्हणजे इसवी सन ११७६-७७. साडेआठशे वर्षांच्या देवळाचं वय गावातलं चौथीतलं पोट्टंही सांगतं. त्याच गावात राहणाऱ्या माझ्या शेजारच्या आजीचं वय मात्र खुद्द आजीलाही सांगता येत नाही. तिच्या जन्माच्या वेळी कुणी छिन्नी-हातोडा घेऊन हजर नव्हतं, त्याला ती तरी काय करणार?

आजीचं नाव मी इथे देत नाही. लपवायचं म्हणून नव्हे. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि बँकेचं पासबुक यांवर तिची तीन नावं आहेत. मी आणखी एक छापलं तर ‘वरील सर्व नावे एकाच व्यक्तीची असून’ असं आणखी एक प्रतिज्ञापत्र करावं लागेल. कार्यालयांची आणि बँकांचीही नावं देत नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला ते आपल्याच गावातलं कार्यालय वाटेल याची मला खात्री आहे, आणि तो आनंद मी कशाला हिरावून घेऊ?

तर आधी वय. आधारवर आजीची जन्मतारीख १ जानेवारी १९६३ आहे. आधारच्या कॅम्पमधल्या मुलानं तारीख विचारली, आजीनं ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ असं सांगितलं, आणि त्यानं काँप्युटरला जी पटते ती टाकली. आमच्या भागात १ जानेवारीला इतकी माणसं जन्माला आली आहेत की त्या दिवशी तालुक्यातल्या एकाही सुइणीला जेवायला फुरसत मिळाली नसावी. आजीच्या थोरल्या मुलाची तारीख शाळेच्या दाखल्यावर १ जुलै १९७३. म्हणजे कागदोपत्री आजी साडेदहाव्या वर्षी आई झाली. दोन्ही कागदांच्या झेरॉक्स मी आजीच्या पेन्शनच्या अर्जाला एकाखाली एक टाचून दिल्या होत्या. टेबलामागच्या साहेबांनी दोन्ही नीट वाचल्या आणि म्हणाले, “श्रावणबाळ योजनेला ६५ पूर्ण लागतात. यांना ६२ झालेत. तीन वर्षांनी या.”

“अहो साहेब, मुलाचं वय पाहा ना. तो बावन्न वर्षांचा आहे.”

“मग त्याला तेरा वर्षांनी आणा.”

आजीला राहवलं नाही. “सायेब, बहात्तरच्या दुष्काळात मी रोजगार हमीवर गिट्टी फोडत व्हती. थोरला पोटात व्हता. मिलोची भाकर खाऊ खाऊ जीव गेला माहा. हे काय मले सपनात पडलं?”

“खरं असेल आजी. पण त्याचा कागद आहे का?”

इथे मला आयर्लंड आठवलं. (निवृत्त मास्तराला कुठेही काहीही आठवतं, आणि ते तो सांगतोच.) ब्रिटिश सरकारनं १९०८ साली सत्तरी ओलांडलेल्या गरिबांसाठी पेन्शनचा कायदा केला आणि १ जानेवारी १९०९ पासून पैसे द्यायला सुरुवात केली. आयर्लंडमध्ये सरसकट जन्मनोंदी सुरू झाल्या होत्या १८६४ साली, त्यामुळे तिथल्या बहुतेक म्हाताऱ्यांजवळ कागद नव्हता. अधिकारी विचारत, “१८३९ सालच्या जानेवारीत मोठं वादळ झालं होतं, ते आठवतं का?” आठवलं तर वय मान्य. मग काय, अख्ख्या आयर्लंडला ते वादळ आठवू लागलं. एकानं कुणाच्या घराचं छप्पर उडालेलं पाहिलं, दुसऱ्यानं त्याच रात्री हातात धरून बटाटा खाल्ला होता. जनगणनेच्या हिशोबात बसत नव्हते इतके सत्तरीचे लोक निघाले. तिथे वादळ चाललं, मग इथे दुष्काळ का चालू नये, असं मी साहेबांना समजावून सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शिपायाला म्हणाले, “मास्तरांना पाणी दे.”

माणूस वाईट नव्हता. वाटही त्यानंच दाखवली. “नवरा नाही ना यांना? मग विधवा म्हणून संजय गांधीत बसवू.”

संजय गांधी निराधार अनुदान योजना ही १९८० सालची, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची. ६५ वर्षांच्या आतली विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी अशी सगळी निराधार माणसं तिच्यात येतात. ६५ झाली की श्रावणबाळमध्ये. महिन्याला आधी ६०० रुपये मिळत, मग १००० झाले, २०२३ पासून १५०० आहेत. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २५००. आमच्याकडे या पैशाला सगळे ‘पगार’च म्हणतात. “बुढीचा पगार सुरू झाला काय?” असं गल्लीतले लोक विचारतात तेव्हा आजीचं कुठे कलेक्टर कचेरीत पोस्टिंग झालं आहे, असं नवख्याला वाटावं.

संजय गांधीत बसायला नवरा गेल्याचा दाखला लागतो. तो मिळाला. त्यावर नवऱ्याचं नाव बरोबर होतं, फक्त बायको तिसरीच होती. म्हणजे आजीच, पण चौथ्या नावाची. आजी म्हणाली, “मेल्यावरही बुढा मले नीट नावानं हाक मारत नाही.” पुन्हा प्रतिज्ञापत्र झालं. एक सांगतो, नवरा गेल्याचा कागद एकदाच द्यावा लागतो. आपण असल्याचा मात्र दर वर्षी.

आता मी या भानगडीत कसा पडलो ते सांगायला हवं. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. मला जुनी पेन्शन मिळते, म्हणजे खरी पेन्शन. ती दोन दिवस उशिरा जमा झाली की मी बँकेत जातो, चार दिवस झाले की संघटनेत जातो, आणि आठवडा झाला तर वर्तमानपत्राला पत्र लिहितो. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांना ही पेन्शन नाही. म्हणून १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यभर सरकारी कर्मचाऱ्यांचा संप झाला, तेव्हा मीही तरुण सहकाऱ्यांना पाठिंबा द्यायला अकोल्याला मोर्चात गेलो होतो. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ अशा घोषणा देऊन घसा बसवून परत आलो. ओट्यावर आजी बसली होती.

“कायले वरडून आले मास्तर?”

“जुनी पेन्शन पाहिजे म्हणून.”

“तुमाले तं हाये नं?”

“मला आहे. बाकीच्यांना पाहिजे.”

“मंग माह्यासाठीबी एकदा वरडा नं बाप्पा.”

या वाक्यानं मी अडकलो. शिवाय मनात थोडी मिजासही होती. शासनाची परिपत्रकं वाचण्यात हयात घालवलेला माणूस मी. एका म्हातारीची फाइल म्हणजे आपल्या हातचा मळ, असा माझा समज होता. तो उत्पन्नाच्या दाखल्यापाशी उतरला.

या योजनांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. २१ हजार भागिले ३६५, म्हणजे दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, अख्ख्या कुटुंबाला. बार्शीटाकळीत चहा दहाला आहे. तिघांच्या घरानं सकाळ-संध्याकाळ टपरीवर चहा घेतला की कुटुंब निराधार राहत नाही. त्याहून मजा पुढे आहे. सरकारचीच रोजगार हमी २०२५-२६ मध्ये वर्षाला १०० दिवस कामाची हमी देत होती. महाराष्ट्रात तिचा त्या वर्षीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. मी हिशोब केला. घरातल्या एका माणसानं ६७ दिवस माती उपसली तर कुटुंब निराधार. अडुसष्टाव्या दिवशी त्यानं कुदळ उचलली की उत्पन्न २१,२१६ आणि कुटुंब संपन्न. शंभर दिवसांची हमी सरकारनं पुरी पाळली तर त्या घरातली म्हातारी हमखास अपात्र ठरते. म्हणजे एक खातं आपलं काम चोख करू लागलं की दुसऱ्या खात्याचा लाभार्थी कमी होतो. सुदैवानं अशी वेळ सहसा येत नाही.

आजीच्या घरात मुलगा आणि सून दोघंही मजुरीला जातात. निंदण, कापूस वेचणी, सोयाबीनची सोंगणी, मिळेल ते. उत्पन्न २१ हजारांत बसवायला मी वाट्टेल तशी वजाबाकी केली, बसेना. तेव्हा सेतू केंद्रातल्या मुलानं, जो वयानं माझ्या नातवाएवढा आणि व्यवहारानं माझ्या आजोबांएवढा होता, मला बाजूला घेतलं.

“सर, आजीचं रेशन कार्ड वेगळं काढा.”

“पण ती मुलाजवळ राहते.”

“राहू द्या नं. कागदावर येगळी चूल दाखवा. पोरगा सांभाळते म्हटलं तं केस जाते.”

मी चाट पडलो. योजनेचं नाव श्रावणबाळ, आणि तिचा लाभ घ्यायचा तर मुलानं श्रावणबाळ नसायला हवं. जो मुलगा आईला काशीयात्रेला काय, अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातही नेत नाही, त्याची आई पात्र. जो तिला दोन वेळची भाकर देतो त्याची आई अपात्र, कारण त्यानं सरकारच्या कामात ढवळाढवळ केली. तसंही हे नाव ठेवणाऱ्यानं गोष्ट शेवटपर्यंत वाचली नसावी. मूळ श्रावणबाळ पाणी आणायला गेला तो परत आलाच नाही, आणि म्हातारा-म्हातारी तहानलेलीच राहिली.

मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो बिचारा ओशाळला. “मास्तर, मायले घराबाहेर काढलं असं लिवू?” आजीनंच त्याची समजूत घातली. “लिव रे बाबू. लिवल्यानं काय होते? भाकर तं तुह्याच घरी खाईन.” असं करून वऱ्हाडातल्या किती सुपुत्रांनी कागदावर आपापल्या आया घराबाहेर काढल्या असतील! पुढे कधी एखाद्या संशोधकानं हे दाखले तपासले तर आमच्या पिढीइतकी निर्दय पिढी झाली नाही, असा प्रबंध तो लिहील. नेपाळमध्ये १९९५ पासून म्हाताऱ्यांना भत्ता मिळतो. तिथे वय पाहतात, नागरिकत्व पाहतात. चुली मोजत नाहीत.

त्याच घरात सून ‘लाडकी बहीण’ होती. जुलै २०२४ पासूनची ती योजना, पैसे तेवढेच, १५००. पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. सुनेचा अर्ज मोबाइलवर भरला गेला आणि राखी पौर्णिमेच्या आधी दोन महिन्यांचे ३००० तिच्या खात्यात येऊन पडलेसुद्धा. म्हणजे एका ओट्यावर बसलेल्या दोन बायका. धाकटीला अडीच लाखांपर्यंत गरीब राहायची मुभा, थोरलीनं २१ हजारांच्या वर श्वास घ्यायचा नाही. गल्लीतल्या एका जाणत्यानं सुचवलं की आजी आधारवर बासष्टचीच आहे, तिलाही बहीण करून टाका. मी नियम वाचून दाखवला. लाडक्या बहिणीचं वय २१ ते ६५. पासष्टी उलटली की बहीण लाडकी राहत नाही. आणि निराधारचे १५०० घेतले तर बहिणीचे मिळत नाहीत. आजीनं विचार केला आणि म्हणाली, “निराधारच करा मले. ते मरेपर्यंत तरी राहते.”

अर्ज गेला. मग समिती. निराधारांचे अर्ज मंजूर करायला तालुक्याला एक समिती असते, तिच्यावरचे अशासकीय सदस्य पालकमंत्र्यांच्या शिफारशीनं नेमले जातात. मी खिडकीवर चौकशीला गेलो.

“बैठक कधी आहे?”

“समिती झाली की.”

“समिती कधी होईल?”

“नावं आली की.”

“नावं कधी येतील?”

“सर, तुम्ही शिक्षक होते काय?”

“हो. का?”

“प्रश्न लय विचारता.”

यथावकाश बैठक झाली. आजीचं नाव मंजूर यादीत आलं. गल्लीत साखर वाटली, ती साखर माझ्या पैशांनी. आता फक्त पैसे यायचे राहिले होते, आणि इथून खरी कथा सुरू होते. आधीची नुसती प्रस्तावना होती.

पूर्वी हे पैसे तहसीलमधून बँकेकडे याद्या पाठवून जमा होत. आता राज्याच्या डीबीटी पोर्टलवरून थेट खात्यात पडतात. हे चांगलंच झालं, मधल्या हातांना काही चिकटत नाही. मात्र त्यासाठी खातं आधारला जोडलेलं हवं आणि आधार आजीला जोडलेलं हवं. या दुसऱ्या गोष्टीचा पुरावा म्हणजे अंगठा. आजीनं पन्नास वर्षं पऱ्हाटीतून कापूस वेचला, गिट्टी फोडली, भांडी घासली. तिच्या अंगठ्यावर रेषा शिल्लक नाहीत, तो पाटीसारखा कोरा आहे. मशिनवर ठेवला की मशिन लाल होतं.

“आजी, अंगठा पुसून ठेवा.” पुसला. लाल.

“तेल लावा.” लावलं. मशिन घसरलं.

“निरम्यानं धुऊन या.” धुतला. लाल.

मागे रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाजवळ एकेक औषध होतं. कुणी लिंबू सुचवलं, कुणी व्हॅसलीन, कुणी म्हणालं चार दिवस बुढीला काम करू देऊ नका, रेषा उगवतात. हा शेवटचा उपाय आजीला पटला आणि तिनं तो सुनेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पुन्हा सांगायला लावला. दहाही बोटं झाली. मग डोळ्यांचं मशिन आणलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मशिनला काही दिसेना, आजीलाही मशिन दिसेना. शेवटी ऑपरेटर मला म्हणाला, “सर, ही आजी म्याच होत नाही.”

“कुणाशी?”

“स्वतःशी.”

जुलै २०२५ मध्ये बातम्या आल्या होत्या की लाडकी बहीण योजनेत चौदा हजारांहून जास्त पुरुषांनी पैसे उचलले. मी ती बातमी आजीला वाचून दाखवली. चौदा हजार बाप्ये बिनबोभाट बहिणी झाले, आणि आमच्या आजीला आजी होता येईना. आजी बराच वेळ हसली. मग म्हणाली, “मास्तर, त्यायचे अंगठे चांगले असतीन.”

अखेर एका दयाळू कॅशियरनं कुठलीशी वाट काढून आधार जोडून दिलं. “झालं लिंक,” तो म्हणाला. महिना गेला, दुसरा गेला, पासबुकावर काहीच नाही. पोर्टलवर पाहावं तर ‘पैसे जमा’. बँकेत विचारावं तर ‘पैसे नाहीत’. दोघंही ठाम. मी मदतीच्या एका नंबरवर फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक गोड आवाज आला.

“तालुका?”

“बार्शीटाकळी.”

“बार्शी. जिल्हा सोलापूर.”

“नाही, अकोला.”

“सर, बार्शी सोलापूरला आहे.”

“असेल. पण मी बार्शीटाकळीत बसलोय, आणि माझ्या समोर अकोला जिल्हा आहे.”

“एक मिनिट होल्ड करा सर.” पुन्हा संगीत. ते संपलं तेव्हा फोन कटला होता. बार्शीची आणि आमची साडेतीन-चारशे किलोमीटरची नसलेली सोयरीक त्या दिवशी मला फार जड गेली.

कोडं उलगडलं ते सेतूतल्या त्याच मुलाकडून. आधारवर येणारे सरकारी पैसे, तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत. आधार शेवटचं ज्या बँकेला जोडलं असेल तिथे जातात. पासबुकाला आधारची झेरॉक्स लावली म्हणजे ते जोडलं असं होत नाही. आजीचं शेवटचं जोडलेलं खातं कोणतं, हे आजीला ठाऊक नव्हतं. बऱ्याच उलटतपासणीनंतर तिला आठवलं की कधीतरी बाजाराच्या दिवशी एका मांडवात छत्री वाटत होते. तिनं अंगठा दिला (त्या दिवशी मशिनला तो बरोबर समजला!), छत्री घेतली आणि घरी आली. छत्रीबरोबर एक खातंही उघडलं गेलं होतं. तिचा सगळा पगार तिथे नांदत होता. छत्री केव्हाच मोडली होती.

पैसे सापडले. पण एवढ्यात वर्ष भरलं आणि हयातीच्या दाखल्याची वेळ आली. आता त्यासाठी केंद्राचं ‘बेनिफिशरी सत्यापन’ अ‍ॅप आहे, चेहरा पाहून माणूस ओळखणारं. अंगठ्याची कटकट संपली म्हणून मी खूश. गावातल्या एका मुलानं मोबाइल आजीच्या तोंडासमोर धरला. या तंत्रात माणूस जिवंत आहे की फोटो, हे ओळखायला डोळ्यांची उघडझाप करावी लागते.

मुलगा म्हणाला, “आजी, डोया मिचकवा.”

आजीनं पदर डोक्यावर ओढला. “काय म्हणते हे पोट्टं?”

“डोया मिचकवा आजी. सरकारले दाखवायचा हाये.”

“आत्तापरेंत कोनाले मिचकवला नाही रे मी! बुढा व्हता तवाबी नाही. आता सरकारले मिचकवू?”

ओट्यावर जमलेल्या बायकांनी एकच गलका केला. प्रत्येकीनं मिचकावून दाखवलं. मी दाखवलं, ते नेमकं आमच्या हिनं खिडकीतून पाहिलं आणि तो विषय घरी वेगळा चालला. आजी मिचकवायला लागली की तिला हसू यायचं, हसली की चेहरा हलायचा, चेहरा हलला की अ‍ॅप पहिल्यापासून. उन्हात जा, सावलीत या, चष्मा काढा, मान सरळ धरा. शेवटी आजी वैतागली, गप्प बसली, डोळे मिटले आणि उघडले. अ‍ॅप हिरवं झालं. सरकारदरबारी आजी वर्षभरासाठी जिवंत झाली.

पैसे महिन्याच्या महिन्याला येतात असं नाही. कधी दोन महिने काहीच नाही, मग एकदम येतात. आले की गल्लीला कळतं, कारण सून आजीला न मागता चहा देते आणि नातू “आजी, पाय चेपू काय?” विचारतो. आजी बीपीच्या गोळ्या आणते, शेंगदाण्याचं तेल आणते, नातवाला कुरकुरे, आणि उरलेले लुगड्याच्या गाठीला बांधते. मुलाच्या मजुरीला खाडा पडला तेव्हा त्याच गाठीतून दुकानदाराची उधारी चुकली. १५०० रुपयांत काय होतं, असं चहा पिताना विचारणारे माझ्यासारखे पेन्शनर गावात पुष्कळ आहेत. आजीच्या घरात त्या १५०० रुपयांनी तिचा ओट्यावरचा पाट पक्का झाला, हे मी पाहिलं आहे. आठवडाभर बँकेच्या पायऱ्या झिजवल्या तरी तिला ते परवडतं, कारण मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी गाठली की ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकटच आहे. चकरा मारायची सोय सरकारनं फार उत्तम केली आहे, यात वाद नाही.

मला वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढून मिळतो. माजी आमदारांना महिन्याला किमान ५० हजार मिळतात आणि त्यासाठी त्यांना तलाठ्याचा दाखला लागत नाही, वेगळी चूल दाखवावी लागत नाही, डोळाही मिचकवावा लागत नाही. श्रावणबाळच्या १५०० रुपयांत दारिद्र्यरेषेखालच्या म्हाताऱ्यांसाठी केंद्राचा वाटा असतो २०० रुपये, वय ८० झालं की ५००. हे २०० रुपये २००७ साली २०० होते आणि आजही २०० आहेत. महागाई फक्त माझ्याच घरी वाढते, असं दिल्लीचं म्हणणं दिसतं.

तेव्हा वाचकहो, एक काम करा. तुमच्या शेजारी अशी कुणी आजी किंवा आजोबा असतील आणि त्यांचा पगार अडला असेल, तर त्यांचं आधार शेवटचं कोणत्या बँकेला जोडलं आहे ते आधी पाहा. आधारच्या संकेतस्थळावर ते दिसतं. बऱ्याचदा पैसे आलेले असतात, माणसाला पत्ता नसतो. मात्र पाहायला बसण्यापूर्वी आजीचा मोबाइल कुणाजवळ आहे ते विचारून घ्या. ओटीपी त्याच्यावरच येतो, आणि तो मोबाइल बहुधा पुण्याला कामाला गेलेल्या नातवाच्या खिशात असतो.